कचरा हस्तांतरण केंद्राची तपासणी
(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

नागरिकशास्त्राच्या पाठात नगरपालिकेची कामे सांगताना ‘कचऱ्याची विल्हेवाट’ असे दोन शब्द येतात आणि बहुधा विषय तेथेच संपतो. विद्यार्थी ते शब्द पाठ करतो व उत्तरपत्रिकेत लिहितो. परंतु घंटागाडीत पडलेला कचरा पुढे कोठे जातो, वाटेत कोठे थांबतो, आणि त्या थांब्यावर जे घडते त्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे, हे प्रश्न त्याच्या मनात उभे राहत नाहीत. खेड्यातील मुलास तर ही सारी शहराची बाब वाटते. वस्तुतः ती खेड्याचीही तितकीच आहे. कारण शहराचा कचरा शहरात राहत नाही.

पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या दोन गावांच्या शिवारातील कचराडेपोवर टाकला जात असे. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि पिण्याचे पाणी टँकरने आणण्याची पाळी आली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोस आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या तीन आठवड्यांहून अधिक काळ रोखून धरल्या व शहरात ठिकठिकाणी ढीग साचले. त्या तीन आठवड्यांत शहरास जे कळले, ते या गावांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. आता, डेपोवर पोचणारा कचरा वेगळा केलेला असेल की एकत्र, ताजा असेल की वाटेतच कुजलेला, हे बऱ्याच अंशी डेपोच्या अलीकडील एका थांब्यावर ठरते. त्या थांब्यास कचरा हस्तांतरण केंद्र म्हणतात. पुण्यात त्यास ‘रॅम्प’ असेही म्हणतात. कारण लहान गाडी चढावरून वर जाते आणि खाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत आपला कचरा ओतते.

अशा केंद्राची गरज साध्या हिशोबातून उत्पन्न होते. लहान गाडी गल्लीबोळांत शिरू शकते, पण तिने अर्धा-पाऊण टन कचऱ्यासाठी पंधरा-वीस किलोमीटर जाऊन परत यावे हे इंधनाच्या व वेळेच्या दृष्टीने परवडत नाही. म्हणून शहरातच एके ठिकाणी लहान गाड्या रिकाम्या करून मोठ्या गाडीत माल भरावयाचा व ती एकच गाडी दूर पाठवावयाची. ही कल्पना नवी नाही. मुंबईचा कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली कचऱ्याच्या गाड्यांसाठी घालण्यात आला. उतारूंसाठी तो १९२४ साली खुला झाला. आज त्या मार्गाने प्रवास करणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोड्यांस आपल्या आधीचा प्रवासी कोण होता हे माहीत असेल. पुढे मोटारींचे युग आल्यावर महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा, गोराई येथे मुंबई महानगरपालिकेने हस्तांतरण केंद्रे उभारली.

केंद्राची प्रकृती समजावून देण्यासाठी एस. टी. स्थानकाचा दृष्टान्त उपयोगी पडेल. उतारूने यावे, गाडी बदलावी व पुढे जावे. तो तेथे वस्तीस राहू लागला तर कोठेतरी बिघाड झाला आहे असे समजावे. कचऱ्याचेही तसेच आहे. उष्ण हवेत ओल्या कचऱ्यावर माशीने घातलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात व सात ते दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. कचरा त्यापूर्वी हलला तर हे चक्र तुटते. कोपऱ्यातील ढीग आठवडाभर राहिला तर केंद्र हे माश्यांचे जन्मस्थान होते. म्हणूनच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांत हस्तांतरण केंद्रावर आलेला कचरा ४८ तासांत हलविण्याचा दंडक आहे, आणि अशा प्रत्येक परवानाधारक केंद्राची तपासणी महिन्यातून निदान एकदा व्हावी असे तेथील कायदा सांगतो.

तपासणीचा अधिकार

भारतात कचऱ्याच्या कायद्यास जाग आली ती १९९४ साली सुरतेत पसरलेल्या प्लेगनंतर, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९९६ साली या विषयावर सर्वोच्च न्यायालयात लोकहितयाचिका दाखल झाली. तिच्या ओघात २००० साली नागरी घनकचऱ्याविषयीचे पहिले नियम आले व त्यांची जागा २०१६ साली अधिक विस्तृत नियमांनी घेतली. २०१६ च्या नियमांनी हस्तांतरण केंद्राची व्याख्या करताना, कचरा स्वीकारून तो झाकलेल्या वाहनांतून वा पेट्यांतून एकत्रितपणे पुढे पाठविणारी सोय, असा अर्थ सांगितला. व्याख्येतील ‘झाकलेल्या’ हा शब्द शिक्षकाने फळ्यावर अधोरेखित करावा. रस्त्याकडेच्या गावांचे अर्धे दुःख त्या एका शब्दाच्या उल्लंघनात आहे. त्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक संस्थांच्या कामाचा निदान तिमाहीस एकदा आढावा घ्यावा असे सांगितले, आणि नियमांच्या अंमलबजावणीचा भार राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांवर ठेवला. नियम वेळोवेळी बदलतात. पाठाच्या दिवशी कोणते लागू आहेत ते शिक्षकाने पाहून घ्यावे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० साली झाली. मंडळाच्या अधिकाऱ्यास केंद्रात शिरण्याचा अधिकार कोणाच्या कृपेने मिळत नाही. १९७४ चा जलप्रदूषणविषयक अधिनियम व १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम यांनी तो दिलेला आहे. येथे एक चमत्कारिक गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावी. तपासणारा शासनाचा, आणि ज्याचे केंद्र तपासावयाचे ती नगरपालिकाही लोकांचीच संस्था. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर तपासावे असा हा प्रकार आहे. संकोच, ओळखपाळख, ‘या वेळी सांभाळून घ्या’ ही भाषा, या सर्वांतून वाट काढून अधिकाऱ्यास जे दिसले ते लिहावे लागते.

एक तपासणी

वर्गात मांडण्यासाठी एका मध्यम शहराचे केंद्र कल्पावे. तेथे दररोज लहान गाड्यांच्या ४० खेपा येतात. अधिकारी सकाळी आठ वाजता, पूर्वसूचना न देता पोचला आहे. पूर्वसूचनेने काय होते हे शिक्षकवर्गास वेगळे सांगणे नको. साहेब येणार असे कळताच भिंतींना चुना लागतो, तक्ते टांगले जातात, गैरहजर मुले घरोघर जाऊन आणली जातात. आणि साहेबांना जी शाळा दिसते ती वर्षातून एकच दिवस अस्तित्वात असते. कचरा केंद्राचेही तसेच आहे. तेथे चुन्याऐवजी जंतुनाशक पावडर पडते, एवढाच भेद.

अधिकाऱ्याने पहिली नोंद वासाची करावयाची असते, आणि ती आत शिरताक्षणीच. मनुष्याचे नाक एकाच वासास काही मिनिटांत सरावते व मग तो जाणवेनासा होतो. तेथे दिवसभर राबणारा कामगार ‘वास कसला, काही नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. म्हणून वाऱ्याची दिशा कोणती, वास फाटकाबाहेर किती अंतरापर्यंत येतो, जवळची वस्ती अथवा शाळा कोणत्या बाजूस आहे, हे बाहेरूनच टिपून अधिकारी आत जातो.

नंतर वजनकाटा. ऊस कारखान्यावर नेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास काटा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. काटामारी हा शब्दही त्याने घरी ऐकलेला असतो. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीची मोहर मुदतीत आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. मग नोंदवही उघडली जाते. समजा, वहीत प्रत्येक खेपेपुढे ६०० किलो असा एकच आकडा आहे. चाळीस गाड्या, चाळीस गल्ल्या, कोठे बाजार, कोठे नुसती घरे, आणि वजन मात्र सर्वांचे तंतोतंत सारखे! अशा वेळी काटा बंद असून लेखणी चालू आहे, असा निष्कर्ष काढण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

परंतु वही खरी आहे असे मानून पुढे जावे. ४० खेपा, सरासरी ६०० किलो, म्हणजे दिवसाची आवक २४ टन. जावक पाहता मोठ्या गाडीच्या तीन खेपा, प्रत्येकी ७ टन, म्हणजे २१ टन. केंद्रावर वेचून भंगारवाल्यास दिलेले कागद, प्लास्टिक व पत्रा १ टन. बाकी राहिले २ टन. हे दोन टन कोठे आहेत? थोडे पाणी होऊन गटारात गेले असेल, थोडे वाफेने उडाले असेल. पण तेवढ्याने दोन टनांचा खुलासा होत नाही. दहा दिवसांच्या वहीत रोज हाच फरक असेल तर वीस टन कचरा डोळ्यांपुढे दिसला पाहिजे. तो जमिनीवर साठलेला असेल तर केंद्राचे गोदाम झाले आहे. तो जमिनीवर नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, तो मागील नाल्यात, खाणीच्या खड्ड्यात अथवा जाळून गेला. दुसरी, तो मुळात आलाच नव्हता. ठेकेदारास वजनावर पैसे मिळतात म्हणून आवक फुगविली गेली. पहिल्या शक्यतेत गावाची विहीर बुडते, दुसऱ्यात नगरपालिकेची तिजोरी. अधिकाऱ्याने कोणती खरी ते अंदाजाने ठरवावयाचे नसते. त्याने कुंपणापलीकडे चालत जाऊन पाहावयाचे असते. उलट, पावसाळ्यात जावक आवकेपेक्षा अधिक भरली तर त्यातही रहस्य नाही. केंद्रावर छप्पर नाही व नगरपालिका पावसाच्या पाण्याचे भाडे भरीत आहे.

या बेरीज-वजाबाकीवर शिक्षकाने घाई न करता एक संपूर्ण तास खर्च करावा. तपासणी म्हणजे रागावणे किंवा दंड करणे अशी मुलांची समजूत असते. वहीतील आकडा व जमिनीवरील वस्तू यांची गाठ घालून देणे हे तपासणीचे मर्म आहे, ते या उदाहरणातूनच त्यांच्या ध्यानी येईल.

काट्यानंतर जमीन व गटार. ओला कचरा दाबला गेला की त्यातून काळसर, आंबूस पाणी पाझरते; तांत्रिक भाषेत त्यास लीचेट म्हणतात. केंद्राची फरशी पक्की व उताराची असावी आणि हे पाणी टाकीत जमून शुद्धीकरणास जावे, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा टाकी असते, पण कोरडी असते. कोरडी टाकी पाहून ‘स्वच्छ’ असे लिहिणारा अधिकारी फसला. कारण आवक २४ टन असता टाकी कोरडी असेल तर पाणी दुसरीकडे वाट काढीत आहे. या पाण्याचे दूषण मोजण्याचे एक माप असे : पाण्यातील घाण फस्त करताना सूक्ष्म जंतू दर लिटरमागे किती प्राणवायू वापरतात ते पाहावयाचे. २०१६ च्या नियमांनुसार नदीनाल्यात सोडावयाच्या लीचेटसाठी हे माप लिटरास ३० मिलिग्रॅमच्या आत असावयास हवे होते. ताज्या लीचेटमध्ये ते कित्येक हजार भरते. ते ६,००० आहे असे धरले तर असे एक लिटर पाणी ३० च्या मर्यादेत आणण्यास सुमारे दोनशे लिटर निर्मळ पाणी लागेल. ओढ्यास उन्हाळ्यात दोनशे लिटर निर्मळ पाणी आणावे कोठून, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

नमुना घेण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे अधिकारी प्रथम केंद्रचालकास नोटीस देतो, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करतो, दोन्ही बाटल्यांवर खूण व मोहर करतो, आणि दोघांच्या सह्या होतात. ही रीत पाळली नाही तर त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. ज्याच्यावर दोष येण्याचा संभव आहे त्याच्या डोळ्यांदेखत पुरावा सीलबंद व्हावा, यात त्याचेही रक्षण आहे व नाल्याकाठच्या लोकांचेही.

शेवटी कामगार. वास्तविक ते आरंभी यावयास हवेत; बहुतेक अहवालांत ते शेवटी येतात. २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, पावसाळी कोट, योग्य पादत्राणे व मुखपट्टी देण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेने पाहावी असे सांगितले. नोंदवहीत वाटपाच्या सह्या असतातच. अधिकाऱ्याने सह्या पाहू नयेत असे नाही. पण त्यापेक्षा हात पाहावेत. फुटकी काच, सुया, न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी पॅड यांतून वेचणाऱ्या बाईच्या हातावरील चरे वहीपेक्षा अधिक बोलतात. तिला मुकादमाच्या समोर विचारले तर ‘सगळे मिळते, साहेब’ हे उत्तर ठरलेले आहे. बाजूस विचारावे, आणि विचारताना ‘मोजे मिळतात का?’ असे न म्हणता ‘आताचे मोजे कधी मिळाले?’ असे विचारावे. प्रश्न कसा करावा यावर उत्तर कसे मिळते हे अवलंबून असते; तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकास याची पुरेपूर जाणीव असते. हात धुण्यास पाणी व साबण आहे का, धनुर्वाताची लस केव्हा दिली, केंद्रावर लहान मुले कामास दिसतात का, हेही त्याच फेरीत पाहिले जाते. जुन्या बॅटऱ्या वेगळ्या काढल्या जातात काय, याचीही अलीकडे विशेष चौकशी करावी लागते. भ्रमणध्वनीतील लिथियमची बॅटरी यंत्राखाली चिरडली गेली की तिच्यातून आग भडकू शकते.

अहवाल

आता अधिकारी काय लिहितो यावर सारे येऊन ठेपते. शासकीय कागदांतील ‘समाधानकारक’ हा शब्द अत्यंत सोयीचा व अत्यंत निरुपयोगी आहे. ‘स्वच्छता समाधानकारक’ या शेऱ्यातून पुढच्या अधिकाऱ्यास काहीच कळत नाही. ‘सकाळी ८.४० वाजता पूर्वेकडील भिंतीलगत कमरेइतक्या उंचीचा ढीग, तळचा थर काळा व ओला, टाकी कोरडी, गटाराचे तोंड नाल्याकडे उघडे’ असे लिहिले तर तीन महिन्यांनी येणारा मनुष्य त्याच भिंतीपाशी उभा राहून सुधारणा झाली की नाही हे सांगू शकतो.

दोष आढळला तर केंद्र बंद का करीत नाहीत, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारील. तसा आदेश देण्याचा अधिकार कायद्यात आहे. परंतु कारखाना बंद केला तर माल तयार होणे थांबते. हस्तांतरण केंद्र बंद केले तरी दुसऱ्या दिवशीचे २४ टन तयार होतातच, आणि ते रस्त्यावर राहतात. दंडाचीही गोष्ट सरळ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घनकचरा व सांडपाणी यांच्या व्यवस्थापनातील उणिवांबद्दल महाराष्ट्र राज्यावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई बसविली. रक्कम डोळे दिपविणारी आहे. पण शासनाची तिजोरी नागरिकांच्याच करातून भरते, हेही वर्गात सांगावयास हवे. म्हणून बहुतेक वेळा खरा उपाय म्हणजे मुदतीसह दिलेली नेमकी सूचना : अमुक तारखेपर्यंत गटाराचे तोंड बंद करून टाकीस जोडावे, अमुक तारखेपर्यंत काटा दुरुस्त करावा, आणि त्या तारखेस कोणीतरी खरोखर पुन्हा यावे. सूचना पुष्कळ दिल्या जातात, फेरतपासणी चुकते. उरुळीसारख्या गावांचा राग एका तपासणीच्या अभावी नव्हे, तर कोणी परत येत नाही या अनुभवातून वाढतो.

वर्गातील काम

शाळेत एक आठवडा कचऱ्याची आवक-जावक वही ठेवावी. साहित्य : एक ताणकाटा, दोन पोती, एक वही. रोज मधल्या सुट्टीनंतर ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलून दोन विद्यार्थ्यांनी नोंद करावी व दुसऱ्या दोघांनी, पहिला आकडा न पाहता, तीच वजने पुन्हा घ्यावीत. शालेय पोषण आहाराचे उरलेले अन्न निराळे तोलावे. काच, सुया, औषधांच्या बाटल्या यांस मुलांनी हात लावू नये. तो भाग शिक्षकाने स्वतः बाजूस काढावा.

जोडीला एक प्रयोग करावा. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांच्या बुडास बारीक छिद्रे पाडून खाली वाट्या ठेवाव्यात. एकीत भाजीची साले व भात, दुसरीत कागद व वाळलेली पाने दाबून भरावीत; तोंडास फडके बांधावे. तीन दिवसांनी कोणत्या वाटीत पाणी जमले, त्याचा रंग व वास कसा आहे, हे लिहावे. जास्वंदीच्या फुलाचा रस लावून वाळविलेला कागद त्या पाण्यात बुडविला असता तो तांबूस झाल्यास पाणी आम्लधर्मी झाले असे समजावे. वाटीस हात लागल्यास साबणाने धुवावेत व पाणी शेवटी शोषखड्ड्यात, विहिरीपासून दूर, ओतावे.

आठवड्याच्या अखेरीस दोन्ही जोड्यांची वजने फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत. फरक निघेल, तो खोडून जुळवू देऊ नये. काट्याची चूक, ओले पोते, मधेच कोणी नेलेले पुठ्ठे, अशी कारणे मुलांनी शोधून वहीत फरकाच्या आकड्यापुढे लिहावीत. ज्या गावात ग्रामपंचायतीची कचरागाडी येते तेथे चार विद्यार्थ्यांनी शिक्षकासह ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन गाडी कोठे रिकामी होते हे विचारावे आणि शक्य असल्यास ती जागा बाहेरून पाहून यावे. हे काम मार्च महिन्यात एकदा व जुलैमध्ये पुन्हा करावे. पावसाळ्यातील पोत्यांचे वजन निराळे येईल, व तेवढ्यावर गणिताचा आणखी एक तास सहज होईल.